दुपारी आकडे नकोत

३० सप्टेंबर २०२४, सोमवार

डॉक्टरांनी रोजनिशी लिहायला सांगितलंय. "डोकं चालत नाही म्हणता, ते कधी चालत नाही?" मी म्हटलं, "सारखंच." ते हसले. "सारखंच चालत नसतं तर कारखान्याचा जीएसटी कोण भरलं असतं? किती वाजता, काय खाऊन, रात्री किती झोपून, ते लिहून आणा. दिवाळीनंतर बघू." म्हणून ही वही. मी हिशेब बघते त्या चादरींच्या कारखान्यातल्या जुन्या आवक-जावक रजिस्टरची कोरी राहिलेली पानं आहेत, फुकट जायला नकोत.

थायरॉईडची गोळी मार्चपासून चालू आहे. तेव्हाचा टीएसएच १४.६. आधी २५ मायक्रोग्रॅम, मग ५०, ऑगस्टच्या शेवटापासून ७५. अंगाचं बरंच सुधारलं. टाचांच्या भेगा बुजल्या, घोगरा आवाज गेला. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून चादर ओढून झोपायचे, घरचे वैतागायचे, ते थांबलं. डोक्याचं मात्र अजून ठिकाणावर आलेलं नाही. वॉर्पिंगवाल्याचं बिल हातात असतं, तारीख वाचते, रजिस्टरकडे मान वळवते, तेवढ्यात तारीख गेलेली असते. पुन्हा वाचते. मागावरची कांडी संपली आणि कुणाचं लक्ष नसलं की माग तसाच खटखटत राहतो. आवाज तोच, वेग तोच, कापड मात्र विणलं जात नाही. माझं तसं होतंय.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

पहाटे चारपासून रस्ता जागा. रूपाभवानीला निघालेल्या बायका, अनवाणी, हातात परडी. घरात सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलेलं. गोळी आणि चहा एका वेळी चालत नाहीत हे त्यांना मार्चपासून सांगतेय. रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे अर्धा ते एक तास काही नाही, नाहीतर औषध आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. त्यांचं म्हणणं, "रिकाम्या पोटी औषध घातलं की पित्त उसळतंय बघ. दोन घोट चहा घे की." पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई तर दुधाबरोबर घेतात, कारण गोळी 'गरम' पडते.

शेवटी तोड काढली. उशाशी तांब्या आणि गोळी. पावणेपाचला गजर झाला की घ्यायची आणि परत पडायचं. चहा साडेपाचनंतर. सासूबाई आता माझा चहा वेगळा ठेवतात, पण "तुझा तो एक तास" अशा सुरात बोलतात, जणू तेवढ्या वेळात मी सिद्धेश्वरला प्रदक्षिणा घालून येते.

गोळी घेतली की नाही हेच न आठवणं हा या आजारातला खास विनोद. त्यावर वारांची डबी आणली. सात कप्पे. कप्पा रिकामा म्हणजे घेतली, संपलं. स्वतःच्या डोक्याला विचारायचंच नाही.

डॉक्टरांचं एक वाक्य मला फार उपयोगी पडलं. हे औषध रक्तातून हळू उतरतं; निम्मं व्हायला जवळजवळ आठवडा लागतो. त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली म्हणून त्याच दुपारी डोकं जड झालं, हे गणित बसत नाही. आणि डोस वाढवला की तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, तेही याच कारणानं. त्याच्या आत रक्त तपासून पैसे घालवू नयेत.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज वहीतून एक गोष्ट सापडली.

कारखान्यात माझ्या कानावर दिवसभर चार भाषा असतात. मालक आणि बरेचसे विणकर पद्मशाली, त्यांच्यात तेलुगू. पॅकिंगच्या दोघी कन्नड बोलतात. टेम्पोवाल्याची सोलापुरी हिंदी. बाकी कामकाज मराठीत. इतक्या वर्षांत या चारही भाषांत मी हिशेबापुरती तरी बोलायला शिकले. मागच्या आठवड्याच्या नोंदी वाचल्या तर दिसतं की दुपारी दोननंतर आधी तेलुगू जाते. कळतं सगळं, पण तोंडातून मराठी उत्तर येतं. साडेतीनच्या सुमाराला हिंदी अडखळते. चारला मराठीतसुद्धा "ते हे द्या... ते... हे" सुरू होतं. सकाळी दहाला मात्र चारही जागच्या जागी!

म्हणजे 'सारखंच' नव्हतं ते. दुपारचं होतं. डॉक्टरांना हे आधीच माहीत असणार.

नावांचं मात्र वेळापत्रक नाही, ती कधीही जातात. पण आपल्या पेठेत नाव विसरलेल्या माणसाची सोय आहे. बाप्यांना दादा, अण्णा; बायकांना ताई, अक्का, मावशी. अक्का तेलुगूतही चालते आणि कन्नडमध्येही. अर्धा कारखाना मी असा निभावते. एखाद्या परदेशी कचेरीत प्रत्येकाला नावानं हाक मारायची असती तर मी मार्चमध्येच उघडी पडले असते.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सुट्टी. जेवून दोन तास झोपले. संध्याकाळी सोनं वाटायला चार घरी गेले, सगळ्यांच्या लेकरांची नावं आठवली. लिहून ठेवते.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी

रिपोर्ट आला. टीएसएच २.७. कागदावर ठळक अक्षरात काहीही नाही, म्हणजे सगळं हद्दीत. भाची फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला फोटो पाठवला तर "मावशी, अभिनंदन!" मी रिपोर्ट तीनदा वाचला, कारण दोनदा मधेच सुटला.

नॉर्मल रिपोर्ट फार अडचणीचा असतो. वाईट आला असता तर घरचे म्हणाले असते, बिचारीला त्रास आहे. आता म्हणतात, आता तर सगळं ठीक झालं की. म्हणजे जे उरलं ते माझ्या मनाचं, आळसाचं किंवा वयाचं. मी सेहेचाळिशीची आहे, त्यामुळे वयाचं म्हणायला लोकांना सोपं जातं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी झटकून टाकलं नाही. म्हणाले, टीएसएच ही मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीची हाक आहे. ती थांबली म्हणजे तिच्यापुरतं हार्मोन पुरेसं झालं. गोळीत असतं ते टी-फोर. अंगात ठिकठिकाणी त्याचं टी-थ्री व्हावं लागतं, आणि काम टी-थ्री करतं. रिपोर्ट हद्दीत येऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांची तक्रार राहतेच, आणि ती का राहते यावर जगभरच्या तज्ज्ञांचं एकमत नाही. "त्यामुळे तुम्हाला होतंय ते खरं आहे, पण ते थायरॉईडचंच आहे असं मी आत्ता म्हणणार नाही." हे दुसरं वाक्य मला तेव्हा आवडलं नाही.

रात्री तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रांग. पंचेचाळीस किलोमीटर. कर्नाटकातूनही माणसं येतात, आणि या दिवसांत तो रस्ता गाड्यांना बंद करून पायी जाणाऱ्यांना मोकळा ठेवतात. पूर्वी मी जायचे. या वर्षी कोपऱ्यावर उभं राहून दूध वाटलं. पोरं "आई राजा उदो उदो" म्हणत धावत पुढे जात होती आणि मला त्यांच्या पायांचा हेवा वाटत होता, डोक्याचा नाही. डोकं रात्री दहाला चांगलं होतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बोनस. वर्षातलं सगळ्यात किचकट काम. विणकराला मजुरी नगावर. कुणी चादरीवर आहे, कुणी टॉवेलवर, कुणी दोन महिने गावी जाऊन आलेला. प्रत्येकाची वर्षभराची कमाई काढायची आणि तिच्यावर टक्का. कायद्यानं किमान ८.३३. हा आकडाच असा की चांगल्या डोक्यानंही एकदा अडखळावं.

मागच्या वर्षीपर्यंत हे काम मी संध्याकाळी, माग थांबल्यावर, शांततेत करायचे. या वर्षी उलटं केलं. सकाळी दहा ते साडेबारा फक्त बोनस. दार बंद. बाहेर माग धडधडत असतात, पण तो आवाज मला बाधत नाही. बाधतो तो माणसांचा. कुणी मधेच "ताई, जरा उचल मिळंल का?" विचारलं की हातातली अख्खी ओळ पुसली जाते आणि पुन्हा वरून सुरुवात. पूर्वी मी बोलता बोलता बेरीज करायचे. ते गेलंय, आणि परत येईल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. म्हणून दाराबाहेर एक स्टूल ठेवलं आणि त्यावर वही. ज्याला काही विचारायचंय त्यानं नाव आणि काम लिहावं. लिहिता न येणाऱ्यांचं पॅकिंगच्या अक्का लिहून देतात. साडेबाराला सगळ्यांना एकदम उत्तरं.

दुसरं, पुकारणी. जुने दिवाणजी करायचे तशी. एकानं मोठ्यानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं ओळीवर खूण करायची. कांडीवाल्या मावशींचा मुलगा कॉमर्सला आहे, तो वाचतो. कानावर पडलेला आकडा डोळ्यानं वाचलेल्या आकड्यापेक्षा माझ्या डोक्यात जास्त वेळ टिकतो. का ते माहीत नाही. टिकतो एवढं खरं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

चोपड्यांची पूजा झाली. बोनस वाटून झाला, एकाचीही तक्रार आली नाही. मालकांनी पाकिटाबरोबर भेळेचा डबा दिला.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत पाहुणे आले आणि प्रत्येक जण एक उपाय ठेवून गेला. धण्याचं पाणी. कांचनार गुग्गुळ. कोबी-फ्लॉवर वर्ज्य. साधं मीठ बंद, सैंधव चालू. नणंदबाईंनी तर सैंधवाचा किलोभर पुडा बरोबरच आणला होता.

कोबीचं मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. आहारात आयोडीन पुरेसं असेल तर शिजवलेली भाजी पोटभर खाल्ल्यानं काही बिघडत नाही. धण्याचं पाणी प्या, पण गोळीनंतर तासानं. सैंधवाचं मात्र मला पटेना. देशात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. डोंगराळ भागांत गळ्याला गाठी घेऊन जन्मभर जगणारी माणसं आणि मतिमंद जन्मणारी मुलं यांच्यासाठी मिठात आयोडीन घालायला लागले. इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं औषध सरकारनं क्वचितच काढलं असेल. आणि आता सुशिक्षित घरांतून ते मीठ बाहेर काढून, बिनआयोडीनचं मीठ चौपट भावानं आत घेतात! सासूबाईंना सांगितलं, सैंधव उपासाला. त्यांनाही पटलं, कारण भाव कळला.

माझं मूळ दुखणं मिठाचं नाहीच. रक्तात अँटीबॉडी निघाल्या. शरीराची स्वतःची फौज थायरॉईडवर चालून गेलेली. १९१२ साली हाकारू हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या ग्रंथी तपासून या आजाराचं वर्णन पहिल्यांदा लिहिलं. चारही बायकाच. तेव्हापासून आम्हा बायकांची यादी वाढतेच आहे. २०१३ साली आपल्या देशातल्या आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात शंभरातल्या जवळजवळ अकरा मोठ्या माणसांचा थायरॉईड मंदावलेला निघाला. आमच्या पॅकिंगच्या खोलीत एवढ्या बायका बसतात. कुणाचा मंद आहे हे तपासायला कोण जातंय? त्या म्हणतात, थकवा आहे. थकवा तर असतोच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी वही वाचली, खरोखर वाचली, पानं उलटून. मग भलतेच प्रश्न. पाळी कशी आहे? दर वीस-बावीस दिवसांनी, आणि जास्त. रात्री घोरता का? यजमानांना विचारायला सांगितलं. मटण-अंडी? नाही. दूध-दही? दही रोज, भाकरीबरोबर. रडू येतं का? कामाचा कंटाळा येतो की काम जमत नाही म्हणून राग येतो? राग येतो, म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि लिहून दिलं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-बारा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन तळाला. बी-बारा १६८.

आठ महिने घरात, माहेरी आणि कारखान्यात जे काही होत होतं त्याचा आळ एकट्या थायरॉईडवर होता. इथे तर तिघं निघाले. डॉक्टर म्हणाले, ज्यांची फौज थायरॉईडवर चालून जाते त्यांच्यातल्या काहींच्या जठरावरही जाते, मग बी-बारा शोषलं जात नाही. शिवाय आपण शाकाहारी. भाचीनं पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचं काम सांगितलं. २००६ मध्ये त्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तर दोनतृतीयांश जणांत बी-बारा कमी, आणि सगळ्यात जास्त कमी खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गात. बायका त्या पाहणीत नव्हत्याच. असत्या तर काय निघालं असतं, याचा अंदाज करायला डॉक्टर व्हायला नको.

इंजेक्शनं सुरू. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू. आणि इथून नवीन पेच. लोह आणि कॅल्शियम, दोन्ही थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवायचे. लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासूनही दूर. लोहाच्या पुढेमागे चहा नको. ज्या बाईला तारीख लक्षात राहत नाही तिला हे वेळापत्रक दिलंय. पाठीमागे कोरा असलेला बिलाचा कागद घेतला आणि दिवसाची रेघ मारली. पावणेपाच थायरॉईड. साडेपाच चहा. बारा लोह, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. रात्री जेवून कॅल्शियम. कागद स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर. एक प्रत कारखान्यात, टेबलाच्या काचेखाली.

थायरॉईडची गोळी रात्री घेतली तर? हेही विचारलं. हॉलंडमध्ये २०१० साली असा प्रयोग झाला. शंभराच्या आसपास रुग्ण, काही महिने सकाळी, काही महिने झोपताना. झोपताना घेतल्यावर रक्तातले आकडे सुधारले. माणसांना काही वेगळं वाटलं का? फारसं नाही. हे वाचून मला बरं वाटलं; आकडा आणि माणूस वेगवेगळे चालतात याचा कागदोपत्री पुरावा. पण आमच्याकडे ह्यांचं दुकान बंद होऊन जेवायला साडेनऊ होतात. त्यानंतर तीन तास म्हणजे साडेबारा. नको. सकाळच बरी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. त्यामुळे जीएसटीच्या ३-बी विवरणपत्राची वीस तारीख महाराष्ट्राला एक दिवस वाढवून मिळाली. आज सकाळी अकराला भरून मोकळी. चादर-टॉवेल नगाला हजार रुपयांपर्यंत असेल तर पाच टक्के, वर गेला की बारा, हा २०२४ चा दर. हे मला झोपेतही पाठ आहे. जुनं सगळं पाठ आहे. नवीन येणारं मात्र दारातच घुटमळतं.

४ डिसेंबर, बुधवार

पाणी आलं पहाटे चारला. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, ते चुकलं तर उजनी भरलेली असून घर कोरडं. पाण्याचा दिवस लक्षात ठेवणं हे आमच्या पेठेत प्रत्येक बाईचं दुसरं काम. मी आता कॅलेंडरवर निळ्या पेनानं गोल करते आणि तरीही भरवसा ठेवत नाही. शेजारच्या अक्कांशी करार आहे: त्यांचा नळ वाजला की त्या आमच्या भिंतीवर दोनदा लाटणं मारतात. त्याच्या बदल्यात त्यांचं गॅसचं बुकिंग आणि वीजबिल मी बघते. त्यांना मोबाईल जमत नाही, मला वार जमत नाहीत. दोघींत मिळून एक चांगली बाई होते.

यजमानांचं म्हणणं, मोबाईलमध्ये सगळ्याचे गजर लाव. लावून बघितले. दिवसभर टुणटुण. कशाचा वाजला हे बघेपर्यंत दुसरा वाजतो. मोबाईलात आता दोनच गजर: गोळीचा आणि लोहाचा. बाकी भिंतीवर, कागदावर आणि माणसांकडे.

१५ डिसेंबर, रविवार

भाची आली होती. तिच्याकडून ऐकलेलं लिहून ठेवते, उद्या जाईल.

१८८८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांच्या एका समितीनं या आजाराच्या शंभरावर रुग्णांची पाहणी करून मोठा अहवाल काढला. त्यात विचारांचा मंदपणा आणि स्मरणाचं ढासळणं स्वच्छ नोंदवलंय. म्हणजे 'हे मनाचं आहे' असं मला २०२४ मध्ये सांगणारे लोक १८८८ च्याही मागे आहेत.

आणि दुसरं. १८९१ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका बाईला टोचला. बाई शेहेचाळीस वर्षांची! बोलणं जड, हालचाल मंद. काही महिन्यांत ती माणसांत आली. पुढे तो अर्क तोंडानं घेत राहिली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगली. मरेनं नंतर हिशेब मांडला: तेवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. मला त्या डॉक्टरचा हा हिशेब फार आवडला. इथून हाकेच्या अंतरावर घोंगडे वस्ती आहे, सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आठशे सत्तर? एवढ्या मेंढ्यांत किती घोंगड्या झाल्या असत्या!"

२५ डिसेंबर, बुधवार

११० वर्षांपूर्वी याच तारखेला, १९१४ च्या नाताळात, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांना थायरॉक्सिनचे स्फटिक मिळाले. पुढे काही वर्षांत त्यांनी तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून जेमतेम ३३ ग्रॅम काढलं. सकाळी साडेदहाला, चहाची वाट बघताना, मनातल्या मनात भागाकार केला: माझ्या ७५ मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं ३३ ग्रॅम म्हणजे चार लाख चाळीस हजार गोळ्या. रोज एक घेतली तर बाराशे वर्षं पुरतील. कागद-पेन नाही, कॅल्क्युलेटर नाही!

लगेच फुशारकी नको. दुपारी तीनला टेम्पोवाल्यानं विचारलं, कुठला माल कुठं टाकायचा, तर दोन गावांची नावं सुचेनात. चलन दाखवलं. चलन असतंच त्यासाठी.

फरक पडलाय का? पडलाय. मराठी आता साडेपाचपर्यंत शाबूत असते, हिंदी अधूनमधून. कशानं पडला? इंजेक्शनं, लोह, दुपारी जेवल्यावर टेबलावर डोकं टेकून पंधरा मिनिटं डोळे मिटणं, सगळं एकाच महिन्यात सुरू झालं. भाची सांगत होती, थायरॉईडवाल्या आणि डोक्यात धुकं असणाऱ्या पाच हजारांहून जास्त लोकांची एक पाहणी परदेशात झाली. कशानं बरं वाटतं याला सगळ्यात जास्त जणांचं उत्तर होतं, विश्रांती. आणि जवळजवळ निम्म्यांचं म्हणणं, हे निदान व्हायच्या आधीपासूनच होतं. माझंही होतं बहुतेक. तेव्हा सगळे धांदरट म्हणायचे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सिद्धेश्वरची गड्डा यात्रा सुरू. आज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघाले, मागे पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी.

आणि आजच हुतात्मा दिन. शाळेत पाठ केलेली चार नावं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंगात फाशी. पुतळ्यांपाशी उभी राहिले तर एका दमात आली, न अडखळता. चाळीस वर्षं जुनी आठवण अशी ठणठणीत, आणि घरातून निघताना सासूबाईंनी काय आणायला सांगितलं ते गेलं. डॉक्टर म्हणतात, या आजारात जुना साठा सहसा शाबूत असतो. अडतं ते लक्षापाशी. एका वेळी हातात धरता येईल तेवढंच कमी झालेलं असतं. मग विसरले असं म्हणणंही खरं नाही. ते माझ्याकडे नीट आलंच नव्हतं.

सासूबाईंना फोन केला. तीळ.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

यात्रेतल्या संमती कट्ट्यावर अक्षता. गर्दीत धाकट्या जावेचा हात धरून उभी होते. तिला म्हटलं, आपण कुठं उभ्या होतो ते तूच लक्षात ठेव, चपला तिथंच आहेत. तिनं ठेवलं. दुपारी बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, आणि झोप.

१८ जानेवारी, शनिवार

रिपोर्ट: टीएसएच २.४, हिमोग्लोबिन ११.१. डोस तोच. बी-बाराचं इंजेक्शन आता महिन्याला एक. पुढची थायरॉईड तपासणी सहा महिन्यांनी.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मार्चएंड येतोय, मुंबईची नवीन पार्टी मिळालीये, ई-वे बिलंही आता मीच बघावीत, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी गाडी सुटायच्या वेळी. मी आधीच ठरवून गेले होते, चिठ्ठीवर लिहून. वाचूनच दाखवली. आकड्याचं काम साडेबाराच्या आत. ई-वे बिलं सकाळी तयार करीन, संध्याकाळी गाडीचा नंबर भरायला मुलगा ठेवा. दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटं मला उठवायचं नाही. कारण थायरॉईड, रक्त कमी, औषध चालू आहे. काम चुकणार नाही, पण वेळ मी ठरवणार.

मालक बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "आमच्या घरी पण हायं हे थायरॉईड. बरं, दुपारी मग काय करणार तुम्ही?"

"फायली लावीन, पावत्या चिकटवीन, आलेले फोन घेईन. आकडे नकोत."

"फोन नको ताई," ते म्हणाले. "फोन पॅकिंगवाल्या अक्का घेतील. दुपारी तुम्ही बार्शीच्या पार्टीला बीदरचे म्हणून बोलताय, दोन महिने झाले. ते बिचारे पण हो हो म्हणतात."